सरावातला व्हॉल्व्ह अडकत नाही

आमच्या संस्थेत जहाजाला दिवसातून दोनदा आग लागते. एकदा सकाळच्या तुकडीसाठी आणि एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर. ती लावते मी. काचेमागे माझी केबिन आहे, समोर तीन पडदे आहेत आणि हाताखाली माउस. पंप बंद पाडायचा, तेलाचा दाब उतरवायचा, जनरेटर घालवायचा, हे सगळं मी बसल्या जागी करते. वहिनी म्हणते, हिला लोकांच्या मागे कटकटी लावायचा पगार मिळतो. खोटं नाही ते.

काचेपलीकडे जहाजाच्या इंजिनाची कंट्रोल रूम आहे, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल. डायल, दिवे, भोंगे, टेलिफोन, सगळं जिथल्या तिथे. फक्त मागे इंजिन नाही, कपाटाएवढे कॉम्प्युटर आहेत. शेजारची खोली म्हणजे इंजिन रूम. तिथे एक लोखंडी जिना, थोडे व्हॉल्व्ह, स्पीकरमधून येणारी धडधड आणि आगीच्या वेळी लाल दिवा. मधल्या दाराला सेन्सर आहे. आत किती, बाहेर किती, ते कॉम्प्युटर मोजतो. वेळेत बाहेर न आलेला माणूस मेला असं धरतात. मेलेल्यांसाठी कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्यात. मेलेली मुलं तिथे बसून मोबाइल बघतात.

ही सगळी यंत्रणा एका जहाज कंपनीने संस्थेला भेट दिली. दाराशी तशी पितळी पाटी आहे. माझा दादा ज्या आगीत गेला ती याच कंपनीच्या जहाजावर लागली होती, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ही भेट आली. कंपनीला प्रशिक्षणाचा एकाएकी एवढा पुळका का आला ते मी वेगळं सांगायला नको. मी संस्थेत आधीपासूनच होते. नोकरी सोडायची का, असं मनात आलं होतं. पण जी गोष्ट कंपनी इथे शिकवणार होती ती शिकवताना माझ्या घरचं कुणीतरी खोलीत असावं, असं वाटलं. आता वाटतं, काय दिवे लावले मी तिथे राहून?

दादा सेकंड इंजिनियर होता. चीफ नावाला वर असतो, पण इंजिन रूमचा रोजचा संसार सेकंडच्याच गळ्यात. चौकशी झाली, अहवाल आला. जनरेटरचा तेलाचा पाइप फुटला, तेल तापलेल्या लोखंडावर उडालं आणि भडका उडाला. अशा वेळी सगळ्यांनी बाहेर यायचं असतं. बाहेर एक लिव्हर असतो. तो ओढला की आत टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह झटक्यात पडतो, तेल बंद होतं, आगीचं खाणं तुटतं. मग माणसं मोजायची, दारं लावायची आणि आत आग विझवणारा गॅस सोडायचा. अहवालात पुढे लिहिलं होतं की सेकंड इंजिनियर घाबरला, गोंधळला आणि बाहेर यायचं सोडून आत पळाला.

घाबरला! माझा दादा! घरात एकदा गॅस गळत होता, आम्ही सगळ्या बायका किंचाळत होतो, तेव्हा याने शांतपणे रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आईला विचारलं, "मग आजचा स्वयंपाक मी करायचा का?" त्या माणसाचा यांनी एका शब्दात निकाल लावला.

खरं काय घडलं ते आम्हाला दादाच्या हाताखालच्या ऑइलरने, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणाऱ्या खलाशाने, सांगितलं. आग लागून थोडे दिवस झाले होते. तो घरी भेटायला आला, खुर्चीच्या अगदी टोकावर बसला आणि चहाचा कप नुसता हातात धरून बोलला.

"ताई, साहेबांनी लिव्हर ओढला होता. दोनदा ओढला. मी तिथेच होतो. व्हॉल्व्ह पडलाच नाही."

"का?"

"पडणार कसा? तारेने बांधलेला होता."

तो व्हॉल्व्ह झिजलेला होता. इंजिनाच्या थरथरीने आपोआप पडायचा आणि चालत्या जहाजाचे दिवे जायचे. एकदा बंदराच्या तोंडाशीच असं झालं तेव्हा कंपनीने दादाची फोनवर खरडपट्टी काढली. नवा व्हॉल्व्ह त्याने किती वेळा मागितला असेल! पुढच्या बंदरात मिळेल, असं दर वेळी उत्तर. शेवटी त्यांनी तार घेतली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहील असा बांधून टाकला. ऑइलर म्हणाला, पुष्कळ जहाजांवर असं करतात, तपासणीला कुणी येणार असलं की सोडतात आणि नंतर पुन्हा बांधतात.

"तार कुणी बांधली?" वहिनीने विचारलं.

ऑइलर खाली बघायला लागला. "साहेबांनीच. मी टॉर्च धरला होता. तीच तोडायला ते आत गेले. मला म्हणाले, तू बाहेर हो."

चौकशीसमोर मात्र हाच ऑइलर म्हणाला की धूर फार होता, काही दिसलं नाही. पुढे त्याला कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर बढती मिळाली. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की शेवटी मलाच कंटाळा आला.

मला चौकशीत जाऊन सगळं सांगायचं होतं. वहिनीने हात धरला. "आणि काय सांगणार? की तार यांनीच बांधली? मग तर सगळं खापर यांच्याच डोक्यावर फुटेल. घाबरला म्हणतात ना, म्हणू दे. घाबरणं माणसाचंच असतं." मला तिचा तेव्हा भयंकर राग आला. तिची मुलगी शाळेतून येऊन दप्तर फेकून खेळायला पळाली होती. घरात ती एका जागी ठरायची नाही, म्हणून दादा तिला भिंगरी म्हणायचा.

सिम्युलेटर आला तेव्हा आगीचा सराव तयार करायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीने दादाच्या जहाजाचे आकडे पाठवले होते. टाकी, पाइप, तापमान, सगळं होतं, तार नव्हती. मी ती घातली. म्हणजे लिव्हर ओढला तरी व्हॉल्व्ह पडणार नाही आणि त्याचं चाक हातानेही फिरणार नाही, असा बिघाड कॉम्प्युटरमध्ये भरला. पहिली तुकडी आली, जहाज बुडालं. दुसरीचंही बुडालं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडायला लागल्या. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. ते स्वतः एके काळी चीफ इंजिनियर होते, माणूस तसा वाईट नाही, पण खुर्चीत बसल्यापासून कणा जरा वाकलाय.

"हे काय चालवलंय मॅडम? एकही पोरगा पास होत नाही."

"त्या जहाजावर तरी कोण पास झालं होतं?"

"इथे सराव होतो. ज्यातून कुणीच वाचत नाही त्यातून मुलं शिकणार काय?"

"खरं काय असतं ते शिकतील."

"खरं जहाजावर गेल्यावर शिकतातच की. इथे आपण नियम शिकवतो. तो व्हॉल्व्ह सुरळीत करा." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तार वगैरे जे काही तुम्ही म्हणता, त्याचा कागद आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग मलाही अडचणीत आणू नका."

मी हटून बसले तेव्हा त्यांनी आमच्या प्रोग्रामरकडून तो बिघाड काढून घेतला. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. तेव्हापासून सगळ्या तुकड्या पास. मुलं लिव्हर ओढतात, तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो, गॅस सोडतात, एकमेकांना टाळ्या देतात. मग चर्चेचा तास. प्राचार्य हात मागे बांधून म्हणतात, "बघा, किती सोपं होतं! पण एका जहाजावर एक सेकंड घाबरला आणि आत पळाला." दादाचं नाव ते घेत नाहीत. त्यांना वाटतं, माझ्यावर उपकारच करतात. मी काचेमागे दात-ओठ खात बसते.

आणि मग भिंगरीने एक दिवस जाहीर केलं की ती मरीन इंजिनियर होणार. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आमच्याच संस्थेत, आणि तेही त्याच कंपनीच्या खर्चाने. मृत कर्मचाऱ्याच्या मुलीला शिक्षण आणि पुढे नोकरी, अशी त्यांची योजना होती. वहिनीने सही केली. मी दोन महिने वहिनीशी धड बोलले नाही. भिंगरी मात्र माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, आता तू माझ्या जहाजाला आग लावणार!" मला हसू आलं नाही.

मला एकच भीती होती. ती त्या खोलीत उभी राहणार, लिव्हर ओढणार, व्हॉल्व्ह सुतासारखा सरळ पडणार, आणि तिला वाटणार, एवढंच होतं? एवढं बाबांना जमलं नाही? आपला बाप भित्रा होता हे माझ्या भाचीला माझ्याच हाताने शिकवायचं, आणि वर तिला मार्क द्यायचे. हे माझ्याच्याने होणार नव्हतं. तिने एकदा तरी तो लिव्हर ओढावा आणि काहीच होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तिच्या तुकडीचा सराव आला त्या दिवशी कंपनीचा साहेबही आला होता. कुणाला कुठल्या जहाजावर पाठवायचं ते ठरवायला तो दर वर्षी येतो. मी मुद्दाम तोच दिवस धरला. त्यालाही बघू दे. जुना बिघाड माझ्याकडे होताच. मुलं आत शिरायच्या आधी मी तो परत भरला आणि कुणालाही काही बोलले नाही.

सेकंडची पाळी भिंगरीची होती. चीफ झाला होता तिच्या वर्गातला एक चष्मेवाला मुलगा, आणि जिन्याखाली ऑइलर म्हणून उभा होता एक लंबू. मी आग लावली. भोंगे वाजले, लाल दिवा फिरायला लागला. भिंगरीचा आवाज स्पीकरवर आला, अगदी स्वच्छ. पंखे बंद. सगळे बाहेर. लंबू धावत बाहेर आला. तिने माणसं मोजली आणि लिव्हर ओढला.

काटा हलला नाही.

तिने पुन्हा ओढला. डोळे काट्यावर.

"ओढला ना? चल, गॅस सोडू," चष्मेवाला म्हणाला.

"थांब. व्हॉल्व्ह पडलेला नाही. तेल चालूच आहे. गॅसने आग विझेल, पण तापलेल्या लोखंडावर तेल पडत राहिलं तर परत पेटेल."

"यादीत लिहिलंय लिव्हर ओढा. ओढला. संपलं!"

"मी हाताने बंद करून येते. तू दाराशी थांब. मी आले नाही तर दार लाव आणि गॅस सोड."

तिने भिंतीवरचा श्वसनाचा मास्क काढला, सिलिंडरचा दाब बघितला, पट्टा आवळला आणि आत गेली. घाबरलेला माणूस सिलिंडरचा दाब बघत नाही. ती सरळ त्या व्हॉल्व्हपाशी गेली आणि चाकाला दोन्ही हातांनी जोर लावायला लागली. ते फिरणार नव्हतं. ते फिरणार नाही अशी सोय मीच केली होती. ती खांदा लावून ढकलत राहिली, आणि माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढची हिरवी खूण लाल झाली. इतकी वर्षं जे मी डोळे मिटून बघत होते ते मला उघड्या डोळ्यांनी काचेतून दिसलं. दाखवून द्यायचं म्हणून मी केलं होतं सगळं, पण त्या क्षणी मी सगळं बंद करून टाकलं.

चर्चेला सगळे गोल बसले. कंपनीचा साहेब कप हातात घेऊन मागे टेकला होता. मी काचेमागेच होते, पण त्यांचं बोलणं मला ऐकू येतं.

"सगळे बाहेर होते. लिव्हर ओढला होता. मग तू आत का गेलीस?" प्राचार्यांनी विचारलं.

भिंगरीने साहेबाकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. मी मनात म्हणत होते, सांग बाई, सांग. काटा हलला नाही म्हणून सांग.

"घाबरले, सर," ती म्हणाली.

मी माइकचं बटण दाबलं. माझा आवाज त्या खोलीत घुमला. "ती घाबरली नाही. व्हॉल्व्ह मी अडकवला होता. लिव्हर ओढूनही तेल बंद झालं नाही. तुमच्या जहाजावर झालं होतं तसंच. तिथे तो तारेने बांधलेला होता."

साहेबाने कप खाली ठेवला. प्राचार्य माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून काहीतरी तांत्रिक गडबड झालेली दिसते." मग त्यांनी भिंगरीला विचारलं, "तू तिथे होतीस. व्हॉल्व्ह पडला नव्हता का?"

चष्मेवाला बुटांकडे बघत होता. लंबूने मान फिरवली. भिंगरीने काचेतून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघतच बोलली.

"पडला होता, सर. काटा खाली येताना मी पाहिला. आत्याला माझी काळजी वाटते म्हणून ती तसं म्हणते. मीच घाबरले."

खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेब हसला. "चूक प्रामाणिकपणे कबूल केलीस. आम्हाला अशीच माणसं हवी असतात," तो म्हणाला.

प्राचार्यांनी हा सराव रद्द धरला. रेकॉर्डिंग पुसून टाकायला सांगितलं आणि दुपारी पुन्हा घ्यायचं ठरवलं. रेकॉर्डिंग प्रोग्रामरने माझ्यासमोर पुसलं.

मी भिंगरीला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ती पाणी पीत होती. मी तिचा दंड धरला, जरा जोरातच.

"लाज नाही वाटली? तुझा बाप कसा गेला ठाऊक आहे का तुला? तो तार तोडायला गेला होता!"

"ठाऊक आहे. तार कुणी बांधली तेही ठाऊक आहे. इथे प्रवेश घेतला त्या दिवशी आईने सगळं सांगितलं."

इतकी वर्षं मी जे एकटीने छातीशी धरून बसले होते ते या दोघी मायलेकींनी कधीच वाटून घेतलं होतं.

"ठाऊक असून खोटं बोललीस?"

"ठाऊक होतं म्हणूनच. खरं बोलून काय झालं असतं सांग ना. साहेबाने पहिलं विचारलं असतं, तार कुणी बांधली? घाबरलेल्या माणसाची लोकांना दया येते आत्या. तार बांधणाऱ्याला कुणी माफ करत नाही." तिने तोंड पुसलं. "आणि तुला आजच्या आज काढलं असतं. मलाही. मग काय, दोघींनी घरी बसून बाबांचा फोटो पुसायचा?"

"अगं, पण तू आत गेलीस. तू बरोबर केलंस. अगदी त्याच्यासारखं!"

"आणि मेले," ती म्हणाली. "तू काचेच्या मागे असतेस. तुला आत कुणी पाठवत नाही. मला उद्या जायचंय." तिने माझी बोटं आपल्या दंडावरून हळूच सोडवली. "दुपारी मला नीट पास होऊ दे. प्लीज."

दुपारी मी तिच्यासाठी साधी, सोपी आग लावली. व्हॉल्व्ह पडला, गॅस सुटला, सगळी माणसं बाहेर. सगळ्यांत जास्त मार्क तिला मिळाले. वहिनीने मला जेवायला बोलावलं होतं. मी गेले नाही.

भिंगरी आता त्याच कंपनीच्या जहाजावर आहे. फोन करते, तब्येतीचं विचारते, कामाचं काही बोलत नाही. मीही विचारत नाही. संस्थेत चर्चेच्या तासाला प्राचार्य आता दोन उदाहरणं देतात. एक सेकंड घाबरून आत पळाला आणि गेला. एक मुलगी सरावात घाबरली, तिने चूक कबूल केली आणि आज ती जहाजावर काम करते आहे. दोघं बापलेक होते हे आवर्जून सांगतात. मग हात मागे बांधून म्हणतात, भित्रेपणा रक्तात असला तरी चांगल्या प्रशिक्षणाने तो घालवता येतो.